सॉफ्टवेअरची किल्ली: खिशात की सर्व्हरवर?

लग्नसराईचे दिवस होते. बीडमधल्या एका डीटीपी सेंटरवर मी एका स्मरणिकेचं प्रूफ तपासत बसलो होतो. शेजारच्या टेबलावर एका लग्नपत्रिकेत राहून गेलेलं चुलत्यांचं नाव घालायचं काम चाललं होतं आणि पत्रिकेवाले दारात ताटकळत उभे होते. ऑपरेटरने फाइल उघडली, पत्रिका पडद्यावर आली, त्याने कर्सर नेमक्या ओळीवर नेला; पण कीबोर्डवर बोटं चालवली तर मराठी अक्षर उमटेना. पडद्यावर एक छोटी पाटी आली: लॉक सापडत नाही. त्याने वाकून सीपीयूच्या मागे हात घातला. सकाळी झाडताना धक्का लागला होता आणि बोटाच्या पेराएवढं ते यूएसबी लॉक मुळापासून वाकलं होतं. त्याच्यातला हिरवा दिवा विझला होता. ‘‘सर, लॉक गेलं. नवं येईस्तोवर मराठी बंद,’’ तो म्हणाला. पत्रिकेवाले दुसरं दुकान शोधायला निघाले.

कोडं साधंच आहे. सॉफ्टवेअर हार्ड डिस्कवर जसंच्या तसं होतं. त्यातलं एकही अक्षर पुसलं गेलं नव्हतं. मग बाहेर लटकणाऱ्या एवढ्याशा वस्तूने सगळं काम का थांबावं? आणि त्याच दुकानातल्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरला असलं काही लॉक नव्हतं, तरी हार्ड डिस्क बदलल्यावर ते ‘इंटरनेट जोडा, पुन्हा ॲक्टिव्हेट करा’ म्हणून का अडून बसलं होतं? एकाच प्रश्नाची ही दोन उत्तरं आहेत. ती नीट समजून घेतली तर आपल्या कामाची किल्ली खरं तर कुणाच्या हातात आहे, हेही कळतं.

झेरॉक्सची झेरॉक्स

पुस्तकाची झेरॉक्स काढली की ती मूळ प्रतीपेक्षा थोडी फिकट येते. तिची झेरॉक्स आणखी फिकट. पाच-सहा पिढ्यांनंतर अक्षर लागत नाही. सॉफ्टवेअरचं तसं नसतं. ते आकड्यांच्या रूपात साठवलेलं असतं आणि आकड्यांची नक्कल कधी फिकी पडत नाही. शंभरावी प्रत पहिलीइतकीच लख्ख असते. शिवाय ती काढायला खर्चही जवळपास नसतो.

बनवणाऱ्याची अडचण इथेच सुरू होते. दहा माणसांनी दोन-तीन वर्षं खपून मराठी टाइप करण्याचं सॉफ्टवेअर तयार केलं. एका दुकानदाराने ते विकत घेतलं आणि सगळ्या बाजारपेठेत वाटलं, तर कंपनी जगायची कशी? म्हणून युक्ती शोधली गेली: नक्कल होऊ दे, पण नक्कल चालू नये. त्यासाठी सॉफ्टवेअरला अशा गोष्टीशी बांधायचं, जिची सहज प्रत काढता येत नाही. ती गोष्ट एक तर हातात धरता येणारी वस्तू असते, नाही तर दूरच्या कंपनीच्या दप्तरातली नोंद. वस्तू म्हणजे डोंगल, आणि नोंद म्हणजे ऑनलाइन ॲक्टिव्हेशन.

मराठी अक्षर आणि हार्डवेअर

‘डोंगल’ ही वस्तू पहिल्यांदा १९८० च्या सुमारास इंग्लंडमध्ये दिसली. वर्डक्राफ्ट नावाच्या लेखन-सॉफ्टवेअरसोबत राळेत बुजवलेला एक छोटा ठोकळा येई. तो कमोडोर पेट या कॉम्प्युटरच्या कॅसेट जोडायच्या जागेत खोचावा लागे. बनवणाऱ्याला दुसरा शब्द सुचला नाही, म्हणून त्याने त्याला डोंगल म्हटलं आणि तेच नाव जगभर टिकलं.

मराठीच्या बाबतीत हार्डवेअरचं नातं आणखी जवळचं आहे. आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेलं आणि पुढे पुण्याच्या सी-डॅकने वाढवलेलं जिस्ट तंत्रज्ञान सुरुवातीला एका कार्डाच्या रूपात मिळायचं. ते कार्ड कॉम्प्युटरच्या आत बसवलं की पडद्यावर देवनागरी दिसे. तिथे लिपीच हार्डवेअरमध्ये राहत होती, त्यामुळे वेगळ्या कुलपाची गरज नव्हती. पुढे कॉम्प्युटर वेगवान झाले आणि लिपीचं काम सॉफ्टवेअरने उचललं. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेक कंपनीचं श्री-लिपी महाराष्ट्रातल्या छापखान्यांत आणि डीटीपी सेंटरांत पोहोचलं ते याच टप्प्यावर, आणि सोबत हार्डवेअर लॉक आलं.

जुन्या लॉकचा आकार अनेकांना आठवत असेल. कॉम्प्युटरच्या पाठीमागे प्रिंटरच्या केबलसाठी २५ छिद्रांची लांबट जागा असे. लॉक तिथे बसवून, दोन्ही बाजूंचे बारीक स्क्रू पिळून, त्याच्या पाठीवर पुन्हा प्रिंटरची केबल लावायची. प्रिंटरकडे जाणारी माहिती त्यातून आरपार जायची आणि लॉक आपल्या नावाची हाक आली तेवढीच ऐकायचं. नंतर प्रिंटरची ती जागाच कॉम्प्युटरवरून गेली आणि लॉक यूएसबीत आलं. डीटीपीवाला त्याला डोंगल कमी आणि ‘लॉक’च जास्त म्हणतो. रात्री दुकान बंद करताना ते काढून गल्ल्यात ठेवणारेही अनेक आहेत.

डोंगलच्या पोटात काय चालतं?

शेतातल्या पंपाच्या स्टार्टरपेटीतला फ्यूज काढून, खिशात घालून घरी जाणारे शेतकरी आपण पाहिले आहेत. मोटर विहिरीवरच असते, वायर जोडलेली असते, पण फ्यूज नाही तर पाणी नाही. डोंगल हा सॉफ्टवेअरचा फ्यूज आहे. फ्यूज ज्याच्या खिशात, त्याची पाणीपाळी.

पण फ्यूजसारखाच दुसरा फ्यूज कुणीही आणेल. म्हणून डोंगलमध्ये ओळख पटवण्याची सोय लागते. अगदी सुरुवातीच्या डोंगलमध्ये ठरावीक पिना एकमेकींना ठरावीक पद्धतीने जोडलेल्या असत, एवढंच. ते उघडून पाहणाऱ्याला तसंच दुसरं बनवता येई. मग डोंगलमध्ये एक गुप्त क्रमांक साठवू लागले. सॉफ्टवेअर विचारणार, ‘क्रमांक सांग’ आणि डोंगल सांगणार. यातही खोट होती. मधल्या तारेवर कान ठेवून तो क्रमांक एकदा टिपला की संपलं, कारण उत्तर रोज तेच.

यावरचा उपाय म्हणजे दर वेळी नवा प्रश्न. समजा, तुमच्यात आणि तुमच्या भावात एक गुपित ठरलं आहे: मी सांगेन त्या आकड्याची सातपट कर, त्यात ५ मिळव आणि शेवटचे दोन अंक मला सांग. तुम्ही म्हणालात ३७. भाऊ मनात करतो: ३७ गुणिले ७ म्हणजे २५९, अधिक ५ म्हणजे २६४. उत्तर, ६४. शेजाऱ्याने भिंतीआडून ऐकलं की ३७ ला ६४. पण उद्या तुम्ही विचारता ५२, आणि बरोबर उत्तर असतं ६९. शेजाऱ्याच्या कालच्या ६४ चा काही उपयोग नाही. गुपित भावाच्या डोक्यात राहिलं, बाहेर आली ती उत्तरं.

आजचे डोंगल नेमकं हेच करतात, फक्त त्यांचं गणित फार अवघड असतं. एईएस नावाच्या प्रचलित पद्धतीत गुप्त किल्ली १२८ बिटांची असू शकते. बिट म्हणजे शून्य किंवा एक. अशा १२८ शून्य-एकांच्या जितक्या जुळण्या होतात, ती संख्या लिहायला ३९ अंक लागतात. एकेक किल्ली लावून पाहायची म्हटली तर कितीही मोठा कॉम्प्युटर थकेल. आणि ही किल्ली डोंगलच्या चिपमधून कधीच बाहेर येत नाही. बाहेर येतं ते उत्तर.

चोर कुलूप फोडत नाही, कोयंडा उखडतो

मग ‘क्रॅक’ सॉफ्टवेअर बाजारात कसं मिळतं? कुलूप भक्कम असलं तरी कोयंडा कच्चा असतो म्हणून. डोंगलचं उत्तर आल्यावर सॉफ्टवेअरच्या आत कुठेतरी एक ओळ असते: उत्तर बरोबर असेल तर पुढे जा, नसेल तर थांब. क्रॅक करणारा डोंगलच्या गणिताच्या वाटेला जात नाही. तो ही ओळ शोधतो आणि ‘उत्तर काहीही असो, पुढे जा’ असं बदलून टाकतो. फ्यूजच्या जागी नुसती तार लावून पंप चालवण्याचाच हा प्रकार आहे.

तार लावता येऊ नये म्हणून शहाणे उत्पादक फ्यूजवर भिस्त ठेवत नाहीत, पंपाचा पंखाच काढून नेतात. सॉफ्टवेअरचा महत्त्वाचा भाग सांकेतिक करून ठेवतात आणि तो उलगडण्याची किल्ली डोंगलमध्ये ठेवतात. काही जण आकडेमोडीचा एखादा तुकडा डोंगलच्या चिपवरच चालवतात. मग ‘थांब’ची ओळ पुसून भागत नाही, कारण जे चालवायचं तेच अपुरं असतं.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. क्रॅक देणारा माणूस तुमच्या कॉम्प्युटरमधल्या एका प्रोग्रॅमच्या आत हात घालून आलेला असतो. येताना त्याने आणखी काय ठेवलं, हे तुम्हाला दिसत नाही. दुकानाच्या सगळ्या फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारे प्रोग्रॅम अनेकदा याच वाटेने येतात. कायदाही ठाम आहे. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ६३ब नुसार नक्कल असल्याचं माहीत असूनही सॉफ्टवेअर वापरणाऱ्याला सात दिवसांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंड होऊ शकतो. हक्क मोडण्याच्या हेतूने असं कुलूप तोडण्यासाठी २०१२ च्या दुरुस्तीने कलम ६५अ आलं. त्यात दोन वर्षांपर्यंत कैद आहे.

खरेदीखत आणि फेरफार

आता दुसरी वाट. जमीन घेतली की खरेदीखत हातात येतं. पण तेवढ्याने सातबारावर नाव लागत नाही. फेरफार व्हावा लागतो, गावच्या दप्तरात नोंद पडावी लागते. ऑनलाइन ॲक्टिव्हेशन म्हणजे सॉफ्टवेअरचा फेरफार.

खोक्यात किंवा ई-मेलमध्ये मिळणारा लांबलचक क्रमांक, म्हणजे प्रॉडक्ट की, हे तुमचं खरेदीखत. पुण्याच्या क्विक हीलचा अँटीव्हायरस आपल्याकडे गावोगावच्या दुकानांत विकला गेला. त्याची प्रॉडक्ट की २० अक्षरांची. विंडोज एक्सपीची २५ अक्षरांची होती. २००१ मध्ये आलेल्या या एक्सपीपासून ॲक्टिव्हेशन घराघरांत पोहोचलं. पुढचं काम चार पायऱ्यांत होतं.

१. सॉफ्टवेअर तुमच्या कॉम्प्युटरचा ठसा घेतं. हार्ड डिस्क, प्रोसेसर, नेटवर्क कार्ड अशा भागांचे तपशील एकत्र करून त्यातून एक संख्या काढली जाते. एक्सपी असे दहा भाग पाहत असे.

२. प्रॉडक्ट की आणि ठसा, दोन्ही इंटरनेटवरून कंपनीच्या सर्व्हरकडे जातात.

३. सर्व्हर आपलं दप्तर उघडतो. ही की खरी आहे का? किती कॉम्प्युटरवर चालवायची परवानगी आहे? आधीच कुठे नोंदली गेली आहे का?

४. सगळं जुळलं तर सर्व्हर एक छोटी परवाना-फाइल परत पाठवतो: ही की, या ठशाच्या कॉम्प्युटरवर, अमुक तारखेपर्यंत चालेल. त्या फाइलवर डिजिटल सही असते.

सही कशाला? नाही तर कुणीही तारीख खोडून दहा वर्षं पुढची लिहील. मराठेशाहीतल्या पत्रांत माथ्याला शिक्का असे आणि मजकूर संपला तिथे मोर्तब, म्हणजे मागाहून कुणाला एक ओळही घुसडता येऊ नये. शिक्कामोर्तब हा शब्द त्यातूनच आपल्याकडे आला. डिजिटल सही हे काम गणिताने करते. शिक्का उमटवण्याची गुप्त किल्ली कंपनीकडेच राहते. शिक्का खरा की खोटा हे ओळखायची उघड किल्ली मात्र प्रत्येक कॉम्प्युटरवरच्या सॉफ्टवेअरमध्ये घातलेली असते. फाइलमधला एक आकडा बदलला तरी शिक्का जुळत नाही.

ठसा जुळत नाही तेव्हा

ऊस तोडून तोडून, मोळ्या बांधून आणि कोयता धरून हातांच्या रेघा झिजतात. रेशन दुकानातल्या यंत्रावर अंगठा ठेवला की यंत्र म्हणतं, जुळत नाही. माणूस तोच, नाव तेच, हक्क तोच. ठसा तेवढा झिजलेला. हे दुःख आपल्या बीड जिल्ह्याला समजावून सांगावं लागत नाही.

हार्ड डिस्क किंवा मदरबोर्ड बदलल्यावर सॉफ्टवेअर अडतं ते याच कारणाने. मालक तोच, दुकान तेच, पण यंत्राच्या नजरेत कॉम्प्युटर नवा. म्हणून बरीच सॉफ्टवेअर थोडी सवलत ठेवतात. एक्सपीत एखाद-दुसरा भाग बदलला तरी चालायचं. टॅलीसारख्या सॉफ्टवेअरमध्ये जुन्या कॉम्प्युटरवरून परवाना ‘सरेंडर’ करायची सोय असते: आधी जुन्या जागेवरचं नाव कमी करायचं, मग नव्या जागेवर लावायचं. कॉम्प्युटर भंगारात देण्याआधी हे एक काम आठवणीने करावं. मागाहून कंपनीला फोन करून पटवून देण्यात दिवस जातात.

इंटरनेट नसेल तर? एक्सपीच्या काळात पडद्यावरचा ५० अंकी क्रमांक फोनवर सांगून, उलट आलेला क्रमांक टाइप करत ॲक्टिव्हेशन करता येई. आजही काही सॉफ्टवेअरमध्ये विनंतीची फाइल पेनड्राइव्हवर घेऊन, दुसऱ्या कॉम्प्युटरवरून पाठवून, परवाना-फाइल आणता येते. वर्गणीवर चालणारी सॉफ्टवेअर मात्र एकदाच्या नोंदीवर थांबत नाहीत. ठरावीक दिवसांनी पुन्हा सर्व्हरला विचारतात.

कुठली किल्ली बरी?

डोंगलला इंटरनेट लागत नाही. वीज आली, कॉम्प्युटर लागला, की काम सुरू. रेंज नसलेल्या गावात किंवा केबल तुटलेल्या दिवशी याचं मोल कळतं. कॉम्प्युटर बिघडला तर डोंगल काढून दुसऱ्याला लावता येतं. पण ते हरवतं, वाकतं, चोरीला जातं, आणि ते गेलं की बहुधा पैसे मोजून नवं घ्यावं लागतं. शिवाय नव्या विंडोजला जुन्या डोंगलची भाषा कळेनाशी होते. प्रिंटरच्या जागेत बसणारी कितीतरी धडधाकट लॉक निकामी ठरली ती तर आणखी साध्या कारणाने: जोडायला जागाच उरली नाही.

ऑनलाइन ॲक्टिव्हेशनमध्ये हरवण्याजोगं काही नसतं. पण पलीकडचं दप्तर उघडं राहायला हवं. अडोबीने २००५ साली आलेल्या आपल्या सीएस २ संचाचे ॲक्टिव्हेशन सर्व्हर २०१२ च्या अखेरीला बंद केले. रोख पैसे देऊन घेतलेलं सॉफ्टवेअर नव्या कॉम्प्युटरवर चालू होईना. तेव्हा कंपनीने ॲक्टिव्हेशन न लागणारी वेगळी प्रत ग्राहकांना दिली. प्रत्येक कंपनी तसं करेलच, याची हमी कोण देणार?

चौकट: थोडक्यात

• डोंगल: किल्ली तुमच्या हातात. इंटरनेट लागत नाही. हरवलं, मोडलं किंवा जुनं झालं की काम थांबतं.
• ऑनलाइन ॲक्टिव्हेशन: किल्ली कंपनीच्या दप्तरात. हरवत नाही. इंटरनेट नसेल, कॉम्प्युटरचे भाग बदलले किंवा सर्व्हर बंद पडला की अडचण.
• घेण्याआधी विचारा: लॉक खराब झालं तर बदलून मिळेल का, किती दिवसांत आणि किती पैशांत? कॉम्प्युटर बदलला तर परवाना हलवता येईल का?
• जपून ठेवा: बिल, प्रॉडक्ट की, नोंदवलेला ई-मेल आणि मोबाइल क्रमांक, एका वहीत.
• लॉक सीपीयूच्या मागे थेट लावू नका. छोटी यूएसबी एक्स्टेन्शन केबल लावून टेबलावर, नजरेसमोर ठेवा.

सारखं दिसणारं, पण तुमच्यासाठी राखणारं

यूएसबीत बसणारी अशीच आणखी एक वस्तू आता गावोगाव पोहोचली आहे: डीएससीचं, म्हणजे डिजिटल सही प्रमाणपत्राचं टोकन. बोलीत तिलाही डोंगलच म्हणतात. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० ने डिजिटल सहीला मान्यता दिली. फेरफाराच्या कामात तलाठी, म्हणजे आजचे ग्राम महसूल अधिकारी, ती वापरतात. वित्त आयोगाच्या निधीतून ग्रामपंचायतीचे पैसे ऑनलाइन द्यायचे तर ग्रामसेवक, म्हणजे आजचे ग्रामपंचायत अधिकारी, आणि सरपंच दोघांची डिजिटल सही लागते.

आतलं तत्त्व तेच: गुप्त किल्ली चिपच्या पोटात, बाहेर येतं फक्त उत्तर. राखणदारी मात्र उलटी. सॉफ्टवेअरचं लॉक कंपनीचा माल तुमच्यापासून राखतं. डीएससी तुमची सही इतरांपासून राखते. म्हणून टोकन आणि त्याचा पिन दुसऱ्याच्या हवाली करणं म्हणजे सह्या केलेलं कोरं चेकबुक देणं. कामाच्या सोयीसाठी ते ऑपरेटरकडे किंवा घरच्या कुणाकडे ठेवायची सवय अनेक ठिकाणी लागली आहे. निवडून आलेल्या सरपंच बाईंची सही त्यांच्या टोकनमध्ये आहे. ते त्यांच्याच पर्समध्ये राहिलं पाहिजे.

मजकूर मोकळा ठेवा

त्या डीटीपी सेंटरवर परत येतो. लॉक मोडल्यावर अडलं काय? सॉफ्टवेअर कंपनीचं होतं, पण पत्रिका त्या घरची होती. जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये कॉम्प्युटर आत मराठी अक्षर साठवतच नसे. तो इंग्रजी अक्षरांचे आणि चिन्हांचे क्रमांक साठवायचा आणि त्यांच्यावर देवनागरीचं चित्र चढवायचा. तो फॉन्ट काढला की मजकूर अगम्य चिन्हांची रांग होतो. युनिकोडमध्ये तसं नाही. तिथे ‘क’ला स्वतःचा क्रमांक आहे, २३२५, आणि तो जगातल्या प्रत्येक कॉम्प्युटरवर ‘क’च असतो. मोबाइलवर आपण रोज लिहितो ते याच पद्धतीने, कुठल्याही लॉकशिवाय.

जिल्ह्यातल्या छापखान्यांच्या जुन्या कॉम्प्युटरांमध्ये काय काय पडून आहे, त्याचा विचार करा. शाळांच्या स्मरणिका, स्थानिक वर्तमानपत्रांचे अंक, गावोगावच्या कवींचे संग्रह, सप्ताहांच्या पत्रिका. त्यातलं बरंच जुन्या फॉन्टमध्ये आहे आणि त्याची दुरुस्ती अजून चालणाऱ्या एखाद्या लॉकवर अवलंबून आहे. सोळाव्या-सतराव्या शतकात संतकवी दासोपंतांनी अंबाजोगाईत कापडावर लिहिलेली चाळीस फूट लांबीची पासोडी आज चारशे वर्षांनीही वाचता येते, कारण ती वाचायला डोळ्यांखेरीज कुणाची परवानगी लागत नाही.

सॉफ्टवेअर विकत घ्यावं आणि बनवणाऱ्याला त्याचे पैसे द्यावेत. मराठीची साधनं त्याशिवाय वाढणार नाहीत. त्याचं कुलूपही रास्त आहे. पण आपला मजकूर त्या कुलपाआड राहू देऊ नये. हिरवा दिवा लागतो आहे तोवर जुन्या फाइली उघडाव्यात, युनिकोडमध्ये बदलून घ्याव्यात, एक प्रत पेनड्राइव्हवर आणि एक दुसऱ्याच्या घरी ठेवावी. त्या ऑपरेटरने नवं लॉक आल्यावर पहिलं काम तेच केलं. रोज दुकान बंद करण्याआधी एक जुनी फाइल, असा त्याचा नेम आहे.